तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही: भुताच्या आणि भविष्याच्या गोष्टी आपल्याबद्दल काय सांगतात

परवा आमच्या पेठेतल्या वॉट्सॲप ग्रुपवर एकाच दिवशी दोन मेसेज आले. सकाळी एक क्लिप, कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या कठड्यावर रात्री पांढरं काहीतरी बसलंय आणि गाडीचा लाइट पडला की नाहीसं होतंय. खाली मेसेजवर मेसेज, कुणी म्हणतंय एडिट केलंय, कुणी म्हणतंय माझ्या चुलत्यानं पण बघितलेलं. आणि संध्याकाळी एक इशारा, की एआय वापरून पोराचा आवाज हुबेहूब काढतात आणि आईवडिलांना फोन करतात, "आई मी अडकलोय, पैसे पाठव", तर सावध राहा.

दोन्ही मी आज्जीला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत बसलेली. क्लिपकडं तिनं नीट बघितलंही नाही, पण दुसरा मेसेज ऐकून हातातली पाकळी तशीच धरली आणि म्हणाली, "ह्ये काय नवीन न्हाई बाळ. आमच्या वक्ताला सांगायचे, रातच्याला दारात आपल्याच माणसाच्या आवाजात हाक आली तर लगी ओ द्यायची न्हाई. माणूस असंल तर तीनदा हाक मारंल. त्ये असंल तर एकदाच मारतंय."

आवाज चोरणारं भूत आपल्याकडं आधीपासून होतं, टेक्नॉलॉजी तेवढी आत्ता आली. आणि ही काही अपघातानं जुळलेली गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं. माणसं ज्या गोष्टी सांगून एकमेकांना घाबरवतात त्यात त्या काळाची खरी भीती लपलेली असते, आणि जरा नीट बघितलं तर त्याच गोष्टीत त्यांची आशा पण सापडते. ते कसं, हे आज जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आधी साधं: ही गोष्ट करते काय?

भयकथा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाचा धागा धरून पुढं काय होईल ते सांगणारी. या दोन्हींना आणि "समजा असं झालं तर?" या प्रश्नावर उभ्या असलेल्या बाकी सगळ्या गोष्टींना मिळून स्पेक्युलेटिव्ह फिक्शन असं एक मोठं नाव आहे. आपण त्यांना जर-तरच्या गोष्टी म्हणूया, यापुढं तोच शब्द वापरतो.

आता कोल्हापूरच्या माणसाला लगेच समजेल असं उदाहरण. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आपण काय विचारतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ती फुटांची पट्टी पाणी आणत पण नाही आणि अडवत पण नाही, नुसती उभी असते, पण तिच्याकडं बघून कळतं की वर राधानगरीकडं, गगनबावड्याकडं, जिथं आपली नजर पोचत नाही तिथं काय चाललंय. जर-तरच्या गोष्टी म्हणजे समाजाच्या पोटातल्या पाण्याची अशी पट्टी आहे. लोक जे चारचौघात बोलत नाहीत, बोलायला लाज वाटते किंवा बोललं तर अंगावर येईल, ते गोष्टीत वर चढलेलं दिसतं.

आणि ही पट्टी वाचायची कशी? माझ्यापुरते मी दोन प्रश्न ठरवलेत. एक, गोष्टीत भीती नेमकी कशाची आहे. दोन, शेवटी वाचवतं कोण. पहिल्या प्रश्नातून भीती कळते. दुसऱ्यातून कळतं की त्या लोकांचा भरवसा कुणावर होता. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

भुतांची यादी नीट वाचून बघा

आपल्याकडं भुतांचे किती प्रकार आहेत बघा, आणि प्रत्येकाचं भूत होण्याचं कारण ठरलेलं. प्रांताप्रांतात थोडा फरक पडतो पण साधारण असं. मुंज झाली आणि लग्न व्हायच्या आत मुलगा गेला तर तो मुंजा, राहतो पिंपळावर. बाळंतपणात बाई गेली तर अलवंतीण. नवरा जिवंत असताना गेली तर जखीण, विधवा असताना गेली तर लावसट. निपुत्रिक किंवा जमिनीत, पैशात जीव अडकलेला माणूस म्हणजे समंध. पाण्यात बुडून गेलेला कोकणात गिऱ्हा होतो. आणि चकवा तर सगळ्यांनाच माहीत, तो मारत नाही, वाट चुकवतो, माणूस रात्रभर एकाच शेताभोवती फिरत राहतो.

ही यादी सावकाश वाचली तर ती भुतांची वाटत नाही, मरणांची वाटते. ज्या मरणाचा हिशेब लागला नाही, जे मरण वेळेआधी आलं, त्यांची नोंद. सुईणीच्या हाताखाली अंधाऱ्या खोलीत बाळंतपणं व्हायची, रक्त थांबायचं नाही, धनुर्वात व्हायचा, प्रत्येक घराण्यात अशी एक तरी बाई गेलेली असायची. मग अलवंतीण हा शब्द तयार होणारच, कारण भीती रोजची होती. पोरं देवी, पटकीनं जायची, मग मुंजा पण होणारच. आणि बाईच्या भुतांची नावं बघा, नवरा होता का नव्हता यावरून ठरतात, म्हणजे मेल्यावरसुद्धा तिची ओळख तीच राहिली. कुठल्या सरकारी रजिस्टरनं हे इतकं स्पष्ट लिहून ठेवलं नसतं.

माझ्या आईचं माहेर करवीर तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही. तिथं मळ्याकडं जाताना एक विहीर आहे, दगडी, आत उतरायला पायऱ्या, वर उंबराचं झाड. लहानपणी आम्हाला सक्त ताकीद, दुपारी बाराला तिकडं फिरकायचं नाही, हिरव्या साडीतली बाई शेवटच्या पायरीवर बसलेली असते आणि बांगड्यांचा आवाज येतो. आम्ही पोरं लांबून कान लावायचो आणि खरंच आवाज आल्यासारखं वाटायचं, बहुतेक रहाटाची साखळी असेल. पुढं मोठा झाल्यावर एकदा मी मावशीला सरळ विचारलं, ती बाई कोण होती? मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सून हुती एका घरची. लई जाच हुता तिला."

इतकंच. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं. पोलिसात कुणी गेलं नाही, त्या घराशी कुणी सोयरीक तोडली नाही, चावडीवर विषय निघाला नाही, पण गोष्ट मात्र प्रत्येक पोराला सांगितली गेली, न चुकता. आता दुसरा प्रश्न विचारू, वाचवतं कोण? तर त्या घरची माणसं दर वर्षी विहिरीवर तिची ओटी भरायची, हिरवं लुगडं, चोळी, बांगड्या, नारळ. जे तिला जिवंतपणी प्रेमानं कुणी दिलं नाही ते मेल्यावर भीतीनं दिलं. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलम कायद्यात आलं १९८३ साली. त्याच्या आधी अशा बायकांची तक्रार नोंदवून घेणारी जागा म्हणजे ती विहीर होती, असं मला आता वाटतं, आणि ते वाटलं की अंगावर काटा येतो, लहानपणी यायचा त्यापेक्षा वेगळा.

मरीआईचा गाडा

पटकीची साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा काढायचे. रोगाची देवी गाड्यात बसवायची, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायची आणि शिवेपलीकडं सोडून यायचं. पलीकडचं गाव पुढच्या शिवेवर नेऊन सोडणार. जंतू कुणी बघितलेले नव्हते, पण रोग बाहेरून येतो आणि माणसांबरोबर एका गावातून दुसऱ्या गावात जातो हे लोकांना पक्कं कळलेलं होतं, तेच त्यांनी गोष्ट करून सांगितलं. फक्त सुटका कशात शोधली, तर शेजारच्या गावावर ढकलण्यात.

मार्च २०२० मध्ये आपल्याकडं किती गावांनी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या, दगड रचले, आठवतंय? पुण्यामुंबईहून आलेल्या स्वतःच्याच पोरांना शाळेत ठेवलं. गाडा दिसला नाही इतकंच.

रंकाळ्याचा नंदी आणि शास्त्रज्ञांचं घड्याळ

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. रंकाळ्याच्या काठी नंदीचं देऊळ आहे. आत भला मोठा नंदी. आणि कोल्हापुरातल्या प्रत्येक पोरानं ऐकलेलं असतं की हा नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी.

आम्ही चौथीत असताना तिघा मित्रांनी याचा छडा लावायचं ठरवलं. शाळेतला खडू खिशात घालून गेलो आणि नंदीच्या मागच्या पायाशी फरशीवर बारीक रेघ मारली. पुढच्या सोमवारी परत गेलो तर अभिषेकाचं पाणी फिरवून फरशी स्वच्छ धुतलेली, रेघ गायब. मग वाद सुरू झाला तांदूळ कुठला धरायचा यावर. एक म्हणायचा आजऱ्याचा घनसाळ धरला तर नंदी पुढंच जाणार, दुसरा म्हणायचा बासमती धर मग मागं जाईल, जग वाचेल. त्या वादात आम्ही इतके गुंतलो की घरी जायला अंधार पडला आणि तिघांनीही मार खाल्ला.

आता बघा, अमेरिकेत अणुबॉम्बच्या कामात सहभागी झालेल्या शास्त्रज्ञांनी एक मासिक काढलं होतं आणि १९४७ साली त्याच्या मुखपृष्ठावर एक घड्याळ छापलं. मध्यरात्रीचे बारा वाजले म्हणजे जगाचा शेवट, आणि काटा सुरुवातीला बाराला सात मिनिटं कमी असा. त्यानंतर जगातली परिस्थिती बघून ते काटा पुढंमागं करतात. १९९१ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशियात अण्वस्त्रं कमी करायचा करार झाला तेव्हा काटा पार सतरा मिनिटांपर्यंत मागं गेला होता. गेल्या काही वर्षांत तो बाराला दीड मिनिटाच्या आसपास आलाय. म्हणजे शिकागोच्या शास्त्रज्ञांनी जे केलं तेच आपल्या कुणा अनाम पूर्वजानं गहू आणि तांदूळ घेऊन केलं. शेवट येतोय हे सांगायचं, पण तो मागं पण सरकू शकतो ही फट ठेवायची. नुसतं "बुडणार" असं सांगितलं असतं तर लोक हातपाय गाळून बसले असते. तांदळाभर मागं, ही त्यातली आशा.

आणि ज्या शहराच्या पायाशी पंचगंगा आहे तिथली जगबुडी पाण्यानंच येणार, हे वेगळं सांगायची गरज नाही. २००५, २०१९, २०२१ ज्यांनी बघितलंय, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन शहर तुटलेलं ज्यांनी बघितलंय, त्यांना विचारा नंदीची गोष्ट जुनी वाटते का.

बाहेरच्या जगातल्या दोन गोष्टी

फ्रँकेनस्टाईन हे नाव आपण राक्षसाचं समजतो, खरं तर ते त्याला बनवणाऱ्या संशोधकाचं नाव आहे. ही कादंबरी मेरी शेली नावाच्या मुलीनं लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, साल १८१६. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या धुळीनं युरोपात उन्हाळाच आला नाही, सततचा पाऊस आणि थंडी, त्यात घरात बसून मंडळींनी एकमेकांना भुताच्या गोष्टी रचायचं आव्हान दिलं. पुस्तक १८१८ ला आलं. त्या काळात मेलेल्या शरीरात वीज सोडून स्नायू हलवून दाखवायचे प्रयोग चालायचे, १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर तसा प्रयोग झाला होता. म्हणजे वीज ही त्यांची एआय होती असं समजा, सगळे थक्क आणि सगळे घाबरलेले.

पण मला त्यातलं दुसरं काहीतरी जास्त लागतं. मेरीची आई तिच्या जन्मानंतर अकरा दिवसांनी बाळंतपणातल्या संसर्गानं गेली. आणि १८१५ मध्ये मेरीचं स्वतःचं पहिलं बाळ काही दिवसांतच गेलं, त्यानंतर तिनं डायरीत लिहिलंय की स्वप्नात दिसलं बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ चोळलं आणि ते जिवंत झालं. आपल्या हिशेबानं तिची आई अलवंतीण. हजारो मैलांवरची बाई, पण भीती आपल्या आज्ज्यांचीच. तिच्या कादंबरीत वाचवायला कुणीच येत नाही, कारण ज्यानं जीव निर्माण केला तोच त्याला बघून पळून जातो.

दुसरी गोष्ट जपानची. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं पॅसिफिकमध्ये बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, अंदाजापेक्षा स्फोट खूप मोठा झाला, आणि लांबवर मासे पकडणाऱ्या एका जपानी बोटीतल्या २३ जणांवर पांढरी राख पडली. एक जण सप्टेंबरात दगावला. बोटीच्या नावाचा अर्थ भाग्यवान ड्रॅगन. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये गॉडझिला पडद्यावर आला, बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्राच्या तळातून उठलेला प्राणी. हिरोशिमाला नऊ वर्षं झाली होती, सरळ बोलणं जड होतं, मग ते प्राण्याच्या तोंडून बोलले. त्यात वाचवतो एक शास्त्रज्ञ, ज्याच्याकडं आणखी भयंकर अस्त्र आहे, पण ते वापरण्याआधी तो स्वतःचे कागद जाळतो आणि अस्त्राबरोबर स्वतःही संपतो, म्हणजे ते परत कुणाच्या हाती लागू नये. ज्या देशावर बॉम्ब पडला त्यांची आशा ही होती, की निदान एकानं तरी स्वतःहून थांबावं.

रोबोट म्हणजे मुळात वेठबिगार

रोबोट हा शब्द आला एका चेक नाटकातून. कारेल चापेक यांनी ते १९२० मध्ये लिहिलं. चेक भाषेत रोबोटा म्हणजे जमीनदारासाठी फुकट राबणं, वेठ. नाटकात कारखान्यात तयार केलेली कृत्रिम माणसं सगळी कामं करतात आणि शेवटी मालकांवर उलटतात. १९२० च्याच सुमारास इकडं शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात वेठबिगारी बंद करायचे हुकूम काढले. तिकडं एक लेखक विचारतोय, ज्यांना आपण नुसते हात समजून राबवतो ते एक दिवस उठले तर काय, आणि इकडं एक राजा ती वेळच येऊ नये म्हणून कायदा करतोय. मला हे दोघं एकाच प्रश्नावर काम करत होते असं वाटतं.

म्हणून आज एआयच्या ज्या गोष्टी निघतायत, यंत्र शहाणं होऊन आपल्यावर राज्य करणार वगैरे, त्या ऐकताना मी आधी बघतो की सांगणारा कोण आहे. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणाऱ्या मित्राला यंत्र राज्य करेल याची भीती नाही, त्याला भीती आहे की सुपरवायझरची जागा स्क्रीन घेईल आणि तक्रार करायची तर समोर माणूसच नसेल. डीटीपीचं काम करणारी माझी मावसबहीण म्हणते, माझं काम गेलं तर गेलं, पण माझ्याच जुन्या कामावर शिकून ते माझं काम घेणार हे सहन होत नाही. कंपन्यांचे मालक ज्या भीतीच्या गोष्टी सांगतात त्यात माणसाची सत्ता जाते, आणि राबणाऱ्या माणसाच्या गोष्टीत माणसाचा मान जातो. भूत एकच, दोन्हींची भीती वेगळी.

मग आशेच्या गोष्टी कुठं आहेत?

१९०५ मध्ये बंगालमधल्या बेगम रुकैया यांनी सुलतानाज् ड्रीम नावाची छोटी गोष्ट लिहिली. बायका पडद्यात कोंडलेल्या, शिकणं जवळजवळ बंद, अशा काळात. त्यांच्या गोष्टीतल्या देशात पुरुष घरात बसतात आणि बायका विद्यापीठं चालवतात, ढगातून पाणी ओढून घेतात, सूर्याची उष्णता साठवून त्यावर स्वयंपाक करतात आणि शत्रूचं सैन्यसुद्धा त्याच उष्णतेनं परतवतात. आज छतावर सोलर बसवणाऱ्या घरात ही गोष्ट वाचली की हसू येत नाही, आदर वाटतो. पुढं १९११ मध्ये त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा चालू केली. आधी गोष्ट, मग शाळा.

आणि आपले जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नावाकडं बघून कुणी बक्षीस देऊ नये. बक्षीस मिळालंच. त्यांच्या हिमप्रलय कथेत मुंबईत बर्फ पडतो. आपल्या लोकांना हवामानाची भीती म्हणजे दुष्काळ किंवा पूर, त्यांनी थेट हिमयुग आणून उभं केलं. पण दुसरा प्रश्न विचारा, वाचवतं कोण? इथं देवऋषी नाही, राजा नाही, परदेशातून आलेला हिरो पण नाही. एक मराठी शास्त्रज्ञ आहे, समुद्राची मोजमापं घेऊन बसलेला, ज्याचं आधी कुणी ऐकत नाही. विहिरीच्या गोष्टीत सुटका ओटीत होती, साथीत शिवेपलीकडं होती, इथं ती मोजमापात आहे. भरवशाची जागा बदलली, आणि ती मराठीतून बदलली याचा मला फार अभिमान आहे.

"पण हे सगळं ओढूनताणून लावलेले अर्थ नाहीत का?"

हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक गोष्टीत अर्थ असतोच असं नाही, काही गोष्टी निव्वळ मजेच्या असतात, शेकोटीला बसून पोरांची गंमत, तिथं उगाच खणत बसू नये. पण एक कसोटी लावता येते. भीतीचं कारण बदललं की भूत बदलतं का?

चकव्याचं बघा. वीज आली, डांबरी रस्ते झाले, आता तर खिशात मॅप आहे, आणि चकवा जवळजवळ बेपत्ता झाला. माझ्या भाच्याला हा शब्दच माहीत नव्हता. त्याच्या जागी कोण आलं? घाटात पांढऱ्या साडीत लिफ्ट मागणारी बाई. आंबा घाट, गगनबावडा, जिकडं जाल तिकडं ती आहेच, आणि ती वळणावरच उभी असते, सपाट रस्त्यावर कधी नाही. बैलगाडीच्या काळात तिला काही काम नव्हतं, मोटारी आल्या, रात्रीचे अपघात सुरू झाले, मग ती आली. इतकं नेमकं बदलत असेल तर नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

"अशा गोष्टींनी अंधश्रद्धा वाढत नाही का?"

माझ्या मते सगळ्यात गंभीर आक्षेप हाच. आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडा दिला, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी तो कायदा झाला. त्यामुळं इथं हलक्यात बोलून चालणार नाही.

फरक असा करायचा. गोष्ट सांगणारा म्हणतो, समजा असं झालं. दावा करणारा म्हणतो, असं झालंय, आणि त्यावर अमुक करा, पैसे द्या, त्या बाईला धरा. गोष्ट ऐकून माणूस घाबरतो आणि पांघरूण ओढून झोपतो. दावा ऐकून माणूस काठी उचलतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते विसरता कामा नये. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज महिनाभर मोबाइलवरून फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवडी बाजाराला आले आणि जमावानं त्यांना मारून टाकलं. झोळीवाला पोरांना धरून नेतो ही गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या पोरांना जेवताना सांगत आलोय. ती घरात गोष्ट म्हणून होती तोवर एक घास जास्त जायचा. मोबाइलवर तीच बातमीचा वेष घालून आली आणि पाच जीव गेले. आणि बळी कुणाचा गेला, तर ज्यांना गावच नाही त्यांचा. म्हणून मी म्हणतो की गोष्टी बंद करू नका, पण पोरांना गोष्ट सांगून झाली की विचारा, हा झोळीवाला कोण असेल रे, तो कुठं झोपत असेल, त्याची पोरं कुठं असतील. रंकाळ्याच्या त्या क्लिपबद्दल पण मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की गोष्ट म्हणून छान आहे, पण उद्या रात्री तिथं खरंच एखादी बाई एकटी बसलेली असली तर तिच्यावर कॅमेरे घेऊन धावू नका.

आता परत त्या हाकेकडं

गेल्या आठवड्यात भाचा राहायला आलेला, नऊ वर्षांचा. लाइट गेली. आज्जी, मी आणि तो, मधे मेणबत्ती. तो म्हणाला, मामा मी सांगतो भुताची गोष्ट.

त्याच्या गोष्टीत एक मुलगा घरी एकटा असतो. आईचा फोन येतो. आवाज आईचाच, खोकलापण आईचाच. ती म्हणते दार उघड, मी बाहेर आहे. मुलगा दाराच्या फटीतून बघतो तर बाहेर कुणीच नाही. फोनमधनं परत, "उघड की रे, पावसात भिजतीय मी." बाहेर तर पाऊसच नाही.

आज्जीनं लसणाचं सूप बाजूला सारलं. मी विचारलं, मग? वाचला का तो?

"वाचला की. त्यानं विचारलं, गावाकडच्या आपल्या म्हशीला तू काय म्हणून हाक मारतीस?"

"मग?"

"भुतानं नाव सांगितलं, चंद्री. नाव बरोबर होतं."

"आरं देवा," आज्जी म्हणाली.

"पण आई तिला कधी नावानं हाकच मारत नाही. ती नुसती जीभ वाजवती, अशी." आणि त्यानं अंधारात टाळूला जीभ लावून दोनदा टॉक टॉक केलं. आज्जीनं पण करून बघितलं, बिनदाताच्या तोंडानं, आणि म्हणाली, "आसं न्हवं, जरा लांबून मारल्यागत. परत सांग."